माल धाडायचा कुणाच्या हाती?

हातातलं काम चालू राहू द्या, नुसते कान इकडे द्या. आज मी पाककृती सांगणार नाही. तयार झालेला माल गिऱ्हाइकाच्या दारात नीट कसा पोचवायचा, ते बोलणार आहे. हे मी शिकले ते गटाचे पैसे घालवून, तेव्हा आधी तीच गोष्ट सांगते.

आमचा गट सोलापूर जिल्ह्यातला, बारा जणींचा. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी हा आमचा माल. आठवडी बाजार, जत्रा, तालुक्याची दोन दुकानं, एवढ्यावर चालायचं. मग एकीच्या जावयानं मोबाइलवर फोटो टाकले आणि पुण्याहून एका बाईंची मागणी आली. घरच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला २०० भाकरी आणि ५ किलो चटणी. निम्मे पैसे त्यांनी लगेच पाठवले. आम्ही दोन दिवस चुली थंड होऊ दिल्या नाहीत.

कुरिअर मी ठरवलं. का तेच? तर त्यांचं दुकान एसटी स्टँडला लागून आणि तिथला मुलगा गोड बोलायचा. एका किलोला किती पडतील ते फोनवर विचारलं, बारा किलो भाकरीचा हिशेब केला आणि निघाले. तिथं गेल्यावर बिल आलं तिपटीच्या वर. माल चौथ्या दिवशी पोचला, तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. आणि खोकी उघडली तर निम्म्या भाकरींचा चुरा. त्या बाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, चव छान आहे हो, पण पाहुण्यांच्या हातावर चुरा कसा ठेवू?" त्यांचे आगाऊ पैसे आम्ही परत केले.

मग गटाची बैठक. कुणी म्हणालं, ज्या दोघींनी खोकी बांधली त्यांच्या मजुरीतून कापा. त्यातली एक पहिल्यांदाच घराबाहेरचं काम करून पैसे घेणार होती. तेव्हा आमच्या मावशी बोलल्या, "भाजणारीनं भाजलं, बांधणारीनं सांगितल्यासारखं बांधलं. कुणाच्या हाती द्यायचं ते कुणी ठरवलं?" मी मान खाली घातली. नुकसान गटाच्या शिलकीतून भरलं आणि मजुरी सगळ्यांना पूर्ण दिली. पण त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले.

आधी ते तिपटीचं कोडं. कुरिअरवाले दोन वजनं धरतात. एक काट्यावरचं आणि दुसरं जागेचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. जे येईल ते जागेचं वजन. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. आमचं एक खोकं होतं ४० बाय ४० बाय ३०. गुणाकार ४८,०००, भागून ९.६ किलो. काट्यावर तेच खोकं जेमतेम ३ किलो! चार खोक्यांचे १२ किलो समजून गेले होते, त्यांनी जवळजवळ ४० लावले. फसवणूक नव्हती, मला ठाऊक नव्हतं. कापूस, पापड, कुरडया, भाकरी, गोधडी, असा फुगीर माल असेल त्या गटांनी हे पक्कं लक्षात ठेवा. गूळ, हळद, मसाला अशा जड मालाला याचा त्रास कमी. बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात, पण काही जण दुसरा आकडा धरतात. म्हणून फोनवर नुसतं "किलोला किती" विचारू नका, "जागेचं वजन कसं धरता" हेही विचारा. आता आम्ही २५ बाय २५ बाय ४० चं खोकं वापरतो. ५० भाकरी त्यात एकावर एक बसतात आणि वजन लागतं ५ किलो. खर्च जवळजवळ अर्ध्यावर आला.

दुसरं, भरपाई. चुरा झाल्यावर मी पावती घेऊन त्या दुकानात गेले. त्या मुलानं पावती उलटी करून दाखवली. मागं मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं, नुकसान झालं तर १०० रुपयांपर्यंत जबाबदारी. खाली सही माझी. कोर्टात जाऊ म्हटलं, तर एका वकीलबाईंनी १९९६ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला. कपड्यांचा धंदा करणाऱ्या एका कंपनीची कागदपत्रं कुरिअरनं जर्मनीत वेळेवर पोचली नव्हती आणि कंपनीचं मोठं नुकसान झालं होतं. कोर्टानं म्हटलं, सही केलेल्या पावतीवर जी मर्यादा लिहिली आहे तीच धरली जाईल. म्हणजे बायांनो, पावती घरी येऊन वाचायची नाही. सही करायच्या आधी तिथंच उलटून बघायची, चष्मा नसेल तर शेजारच्या पोरीकडून वाचून घ्यायची. माल महागाचा असेल, समजा पैठणी किंवा भरतकामाची साडी, तर विमा मिळतो का विचारा. पावतीवर मालाची खरी किंमत लिहा. पैसे वाचवायला १०० रुपये किंमत लिहिली तर हरवल्यावर १०० चाच माल हरवला.

आता पोस्ट. आपल्याला वाटतं, पोस्ट म्हणजे पत्रं आणि निराधारांचे पैसे. पण स्पीड पोस्ट १९८६ पासून चालू आहे आणि ३५ किलोपर्यंतचं पार्सल घेतं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही त्यातच मिळवलं. पोस्टाची खरी ताकद शेवटच्या टप्प्यात आहे. खाजगी कुरिअर शहरात झपाट्यानं पोचतं, पण गिऱ्हाईक आडगावात असेल तर तालुक्याच्या गावी माल ठेवून "येऊन घेऊन जा" असा फोन येतो. पोस्टमन मात्र वाडीवर जातो. म्हणून गिऱ्हाइकाचा पिनकोड आधी मागा आणि कुरिअरवाल्याला विचारा, "या पिनकोडला घरपोच देता का?" हो म्हणाला तर "तुमचाच माणूस देतो का दुसऱ्याकडं सोपवता?" हेही विचारा.

पिनकोडचं एक सांगते, मला फार आवडतं. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित. एकाच नावाची गावं देशात किती! आपल्याकडंच वडगाव आणि पिंपळगाव मोजायला गेलात तर बोटं पुरणार नाहीत. सहा आकड्यांतला शेवटचा एक चुकला तरी माल दुसऱ्याच पोस्टात जातो. म्हणून पत्ता फोनवर ऐकून लिहू नका, गिऱ्हाइकाला लिहून पाठवायला सांगा.

एकाच दुकानाला मोठी मागणी असेल तर कुरिअर कशाला? एसटीचं पार्सल किंवा ट्रान्सपोर्ट स्वस्त पडतं, फक्त घ्यायला समोरचा माणूस आला पाहिजे. आणि तालुक्याला जाण्याचा खर्चही मालावर धरा. तिकीट अर्धं झालं हे खरं, पण अर्ध्या दिवसाची मजुरी कोण देणार? गावातलं शाखा पोस्ट किंवा घरून माल नेणारं कुरिअर दिसायला महाग असलं तरी कधी कधी तेच स्वस्त.

चुऱ्याचं काय केलं? आम्ही एक परीक्षा घेतली. माझा भाचा पुण्यात असतो. त्याच्या पत्त्यावर एकाच दिवशी तीन पार्सलं धाडली, तीन वेगळ्या वाटांनी. प्रत्येकात २० भाकरी आणि अर्धा किलो चटणी. भाच्याला सांगितलं, उघडताना मोबाइलवर चित्रण कर. सगळ्यात महागडं पार्सल दुसऱ्याच दिवशी पोचलं, पण सहा भाकरी फुटलेल्या. स्वस्तातलं तिसऱ्या दिवशी, सात फुटलेल्या. पोस्टाचंही तिसऱ्या दिवशी, दोन फुटलेल्या. म्हणजे लवकर पोचणं वेगळं आणि जपून पोचणं वेगळं. पण चित्रणात आणखी एक दिसलं. तिन्ही खोक्यांत चटणीची पिशवी भाकरीवर बसलेली! दोष आमचाही होता.

आता चटणी वेगळ्या खोक्यात, दोन पिशव्यांत सील करून, कारण तेल कुठूनही वाट काढतं. दहा-दहा भाकरींचा गठ्ठा, कडेनं चुरगळलेला कागद, खोकं हलवलं तर आतून आवाज येता कामा नये. कमरेएवढ्या उंचीवरून एकदा जमिनीवर सोडून बघतो. "नाजूक माल" अशी चिठ्ठी चिकटवतो, पण तिच्यावर विसंबत नाही. रात्री गाडी भरताना कोण वाचत बसतंय! लोणचं पाठवणाऱ्यांनी आधी विचारून घ्या, तेलाचे आणि पातळ जिन्नस काही कुरिअर घेतच नाहीत. पाकिटावर वजन, तयार केल्याची तारीख, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असू द्या.

पैशाचं शेवटी. "माल मिळाल्यावर पैसे देते" म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. जुन्या बायांना व्ही.पी. आठवत असेल, तोच प्रकार. यात धोका असा की गिऱ्हाइकानं घेतलंच नाही तर माल परत येतो आणि येण्या-जाण्याचं भाडं आपल्या डोक्यावर. परत आलेली भाकरी विकताही येत नाही. नव्या गिऱ्हाइकाकडून आम्ही पूर्ण पैसे आधी घेतो, निदान भाड्याचे तरी घेतोच. आणि "तुमचं पार्सल अडकलंय, पाच रुपये भरा" असा निरोप आला तर त्यातली लिंक दाबू नका. पावतीवरचा क्रमांक टाकून आपणच चौकशी करा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

आमच्या गटात आता एक वही आहे. तारीख, पिनकोड, दोन्ही वजनं, कुणाच्या हाती दिलं, किती दिवसांनी पोचलं, किती फुटलं. काट्यावर ठेवलेल्या खोक्याचा फोटोही काढतो, टेप लावून. वही लिहायचं काम त्या पहिल्यांदा कमावणाऱ्या मुलीकडं आहे. परवा पुण्याच्या त्याच बाईंचा फोन आला होता, संक्रांतीला ५० भाकरी हव्यात म्हणून. तिनंच त्यांच्याकडून पिनकोड पुन्हा लिहून मागवला.