कुंडीतली आमरी: कवेलूचे तुकडे, कोळसा आणि चिमूटभर खत

(नागपूर येथे महिला मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रानातल्या फुलांविषयीचे वचन इथे सर्वांना पाठ आहे, म्हणून मी थेट कुंडीवर येते. गडचिरोलीच्या दौऱ्यावर निघाले की कुणी ना कुणी मला सांगतेच, "ताई, येताना जंगलातून एखादे ऑर्किड आणा ना." मी आणत नाही. का आणत नाही ते शेवटी सांगेन. त्याआधी तुमच्या गच्चीवर आज जे ऑर्किड आहे, ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कसे जगवायचे ते पाहू.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आपल्या विदर्भात मोहा, ऐन, आंबा अशा झाडांवर एक आमरी हमखास दिसते. शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. पाकळ्या पिवळट तपकिरी, त्यांवर चौकटीचौकटींची नक्षी, मधली ओठासारखी पाकळी जांभळट, आणि वास गोड. वांडा हे नावही परदेशी नाही, ते मूळ संस्कृत शब्दावरून घेतलेले आहे. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजून उपटून टाकतात. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घुसवून रस ओढते. आमरी फक्त सालीला धरून बसते. पावसाचे पाणी, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळ्याचा चुरा एवढ्यावर तिचे भागते.

तिच्या मुळ्या बघा. त्यांच्यावर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. पाणी पडले की ते भराभर पिऊन घेते, मुळी हिरवी दिसू लागते, आणि मग वाऱ्यावर पुन्हा सुकते. हे भिजणे आणि सुकणे ज्याला कळले, त्याला आमरीची कुंडी कळली. आपण काय करतो? काळ्या मातीत शेणखत मिसळतो, घट्ट दाबतो, वर पाण्याचा तांब्या ओततो. मुळ्यांना हवा मिळत नाही, त्या कुजतात, पाने सुरकुततात. पाने सुरकुतली म्हणून आपण आणखी पाणी घालतो. नागपुरात जितकी ऑर्किडे उन्हाने मरतात, त्याहून जास्त पाण्याने मरत असावीत असे माझे मत आहे.

म्हणून माती अजिबात नको. आपल्याकडे सर्वात उपयोगी वस्तू फुकटात मिळते, ती म्हणजे जुन्या घराचे कवेलू. त्याचे सुपारीपासून अक्रोडाएवढे तुकडे करा, धुवा, रात्रभर पाण्यात ठेवा. कवेलू पाणी धरून ठेवते, हळूहळू सोडते आणि कुजत नाही. कवेलू नसेल तर पक्क्या विटेचे तुकडे चालतात. त्याच्या जोडीला लाकडी कोळसा, तोही धुऊन राख काढलेला. तिसरी वस्तू नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडणात क्षार आणि कषाय द्रव्य असते. तीन-चार दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला. पाणी चहासारखे तांबडे निघायचे थांबले की ते वापरायचे. बाजारात मिळणारा कोकोपीटचा भुसा मात्र नको, तो चिखलासारखा बसतो.

डेंड्रोबियमसाठी कवेलू दोन भाग, कोळसा दोन भाग, सोडण एक भाग पुरे. फॅलेनॉप्सिसला ओल जास्त लागते, तिच्यासाठी सोडण वाढवा. वांडाला खरे तर कुंडीच नको. लाकडी पट्ट्यांची टोपली, कोळशाचे चार मोठे खडे, आणि मुळ्या मोकळ्या लोंबू द्या. पण मग उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी शिंपडणे आले. ते जमणार नसेल तर वांडा घेऊ नका. कुंडी मातीचीच बरी, आणि तळाशी एक भोक पुरत नाही, बाजूलाही हवीत.

नर्सरीतून आणलेली फॅलेनॉप्सिस बहुधा पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात, स्फॅग्नम शेवाळात दाबलेली असते. फुले असेपर्यंत हात लावू नका. फुले संपली की शेवाळ अलगद काढा, कुजलेल्या मुळ्या स्वच्छ कात्रीने कापा आणि नव्या मिश्रणात लावा. शेवाळ आणि झाडाची साल हळूहळू कुजतात, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागतात. कवेलू धुऊन पुन्हा वापरता येते.

आता नवतपा. पारा 45 अंशांवर गेला की हवा इतकी कोरडी होते की पानेच थकतात. 75 टक्के सावली देणारी हिरवी जाळी, खाली पाण्याने भरलेला ट्रे आणि त्यात विटा, विटांवर कुंड्या. कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये. कूलरच्या खोलीतला ओलावा या झाडांना मानवतो, फक्त वारा थेट त्यांच्या अंगावर नको. मात्र कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी चुकूनही घालू नका. पाणी उडून गेल्यावर त्यात क्षारच क्षार राहतात. बोअरचे पाणीही जड असते. कवेलूवर पांढरी पुटे दिसू लागली तर तेच समजा. पावसाळ्यात गच्चीचे पाणी ड्रमात साठवा, झाकण लावा, आणि ते यांच्यासाठी राखून ठेवा.

खताचा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो. 19:19:19 हे विद्राव्य खत कृषी केंद्रात सहज मिळते. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि तेही मुळ्या आधी साध्या पाण्याने भिजवून. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुवावी. कॅल्शियम नायट्रेट द्यायचे तर वेगळ्या आठवड्यात द्या. स्फुरदाच्या खताबरोबर दाट मिसळले तर साका बसतो. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, तेव्हा खत जवळजवळ बंदच. जास्त खत म्हणजे जास्त फुले, असे होत नाही. मुळ्यांची टोके काळी पडतात, एवढेच होते.

आणि इथे मला आपल्याच टेबलाविषयी बोलावे लागेल. बाहेर आपल्या बचत गटांच्या बायकांनी केलेले गांडूळखत विकायला आहे. ते उत्तम आहे, गुलाबाला घाला, कुंडीतल्या टोमॅटोला घाला, दोन पिशव्या घ्या. ऑर्किडला घालू नका. ते खडकांच्या फटी बुजवते आणि ओल धरते. आपल्या बायकांचा माल खपावा ही माझी मनापासून इच्छा आहे, पण चुकीच्या कुंडीत गेलेल्या खताने झाड मेले तर गिऱ्हाईक दोष त्यांनाच देईल.

आता जंगलातल्या झाडाकडे येते. आमरीचे बी धुळीसारखे असते. एका बोंडात लाखो बिया असू शकतात, पण त्या प्रत्येकीत अन्नाचा साठा जवळपास नसतो. ठरावीक बुरशी भेटली तरच बी रुजते. लुईस नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1922 मध्ये साखरमिश्रित माध्यमावर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले. प्रयोगशाळेत बाटलीमध्ये रोपे तयार करण्याची वाट तिथून मोकळी झाली. जंगलात मात्र अजून जुनीच रीत आहे. बी रुजून फुलावर यायला कित्येक वर्षे जातात, आणि ते झाड ओरबाडायला पाच मिनिटे.

राखीव जंगलातून परवानगीशिवाय असे झाड काढणे 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. 2006 चा वनहक्क कायदा गावाला गौण वनोपजावर हक्क देतो, पण जंगल सांभाळण्याचे कामही त्याच कायद्याने ग्रामसभेकडे दिले आहे. तो हक्क गावाचा आहे, शहरातून आलेल्या पाहुण्यांच्या गच्चीसाठी नाही. आपण मागणी केली की एखादा गरजू पोरगा मोह्यावर चढतो, फांदीच तोडून आणतो. त्या फांदीवरच्या मोहफुलांवर त्याच्याच घरचा मार्च-एप्रिल चालतो. शिवाय सालीवरून ओढून काढलेल्या वांडाच्या मुळ्या तुटलेल्या असतात, ते झाड बहुधा टिकत नाही. म्हणजे पैसे तुमचे गेले, फांदी त्याची गेली, पकडला गेला तर तोच जातो.

म्हणून नर्सरीत वाढवलेले रोप विकत घ्या. वांडा टेसेलाटाच बघायची असेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्याबरोबर दौऱ्यावर या. गावातली मुले तुम्हाला झाडाखाली उभे करून ती दाखवतील, आणि कुठल्या मोह्यावर किती झुबके आहेत तेही सांगतील. येणाऱ्यांनी आपले नाव मंडळाच्या चिटणीसबाईंकडे द्यावे. पायात बूट हवेत, आणि पाण्याची बाटली स्वतःची आणायची आहे.