परमुलखी सेवेची पूर्वतयारी

परोपकाराची इच्छा मनात उपजणे आणि तो परोपकार हातून घडणे, या दोहोंमध्ये फार अंतर आहे. सेवा आपल्याच गावात करावयाची असली तर आज झालेली चूक उद्या सुधारता येते. परंतु समुद्रापलीकडे, परक्या भाषेत आणि मोजक्या दिवसांत ती करावयाची असली, म्हणजे घरी विसरलेली वस्तू तेथे मिळत नाही आणि घरी न केलेला विचार तेथे करण्यास सवड उरत नाही.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा हा मुलूख. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. अशा गावच्या एखाद्या तरुण डॉक्टराने अथवा परिचारिकेने काही महिन्यांकरिता परदेशी सेवापथकात जाण्याचे योजिले, तर त्यांस धडा घेण्याजोगे उदाहरण जवळच सापडेल. १९३८ साली वऱ्हाड हा मध्यप्रांताशी जोडलेला असून नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्याच नागपुराहून त्या वर्षी डॉ. मोरेश्वर चोळकर हे चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सामील झाले.

हे पथक कोणाच्या लहरीने निघाले नव्हते. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बसू यांनी ३० जून १९३८ रोजी लोकांस आवाहन केले, आणि जुलैच्या ७ ते ९ या तारखांना देशभर निधी गोळा होऊन सुमारे २२,००० रुपये जमले. यातच पूर्वतयारीचा पहिला नियम सांगितला गेला आहे: जेथे जावयाचे तेथून बोलावणे आले पाहिजे. न मागता नेलेले साहाय्य पुष्कळदा यजमानाच्याच डोक्यावर ओझे होऊन बसते. औषधांचेच पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत मागणी नसलेली औषधे पाठवू नयेत, पोचल्यावर त्यांची मुदत सामान्यतः निदान एक वर्ष शिल्लक असावी आणि वेष्टनावरील मजकूर तेथील वैद्यांस समजेल अशा भाषेत असावा, असे सांगितले आहे. मुदत सरत आलेल्या गोळ्यांच्या पेट्या वाहून नेण्यात दानाचे समाधान असेल. रोग्याचा लाभ नसतो.

दुसरा नियम माणसांच्या निवडीचा. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहन अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय काम करून आलेले होते. चोळकर वयाने वडील व अनुभवी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस अवघे सत्तावीस वर्षांचे असून पुढील परीक्षेच्या तयारीत होते. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी हे उरलेले दोघे. प्रथम निवडलेल्या एका बंगाली डॉक्टरास सरकारने पारपत्र नाकारले, तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्या डॉक्टरास घ्यावे लागले. बदली माणूस हाताशी नसता तर पथक तेवढे लंगडे झाले असते.

तिसरा नियम वेळेचा. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली आणि १७ तारखेस ते कँटनला पोचले. ऑक्टोबर संपण्यापूर्वी कँटन व हँकाऊ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. पथकास मागे मागे सरत, वाटेतल्या रुग्णालयांत काम करीत चुंगकिंगला जावे लागले, आणि येनानला पोचण्यास फेब्रुवारी १९३९ उजाडला. एका वर्षाच्या मुदतीतले पाचाहून अधिक महिने असे गेले! आजच्या विमानाच्या युगातही थोडे दिवस हाती ठेवूनच बेत आखावा. पारपत्र, प्रवेशाचा परवाना, परदेशात वैद्यकी करण्याची अनुज्ञा, ही कामे एका आठवड्यात उरकत नाहीत. पीतज्वराच्या लसीचा दाखलासुद्धा टोचून घेतल्यापासून दहा दिवसांनीच ग्राह्य होतो.

भाषेची तयारी तर सर्वांहून मोठी. कोटणीसांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की ते त्या भाषेत विद्यार्थ्यांस शस्त्रक्रिया शिकवू लागले. इतके प्रत्येकास साधणार नाही, तथापि “कोठे दुखते?” “भिऊ नका” “पाणी उकळून प्या” एवढी वाक्ये तरी निघण्यापूर्वी जिभेवर बसली पाहिजेत. दुभाष्या रोग्याचे बोलणे पोचवील, धीर मात्र पोचवू शकेलच असे नाही.

शेवटची तयारी घरची. चुंगकिंगच्या मुक्कामात कोटणीसांस वडील वारल्याची वार्ता कळली. परत फिरावे की पुढे जावे, हा प्रश्न कोणत्याही माणसाचे काळीज चिरणारा. ते पुढे गेले. अशा प्रसंगाचा विचार निघण्यापूर्वीच घरच्या मंडळींसह व्हावयास हवा: वृद्धांचे औषधपाणी कोण पाहील, शेताचा वा दवाखान्याचा कारभार कोणाकडे राहील, आणि वाईट निरोप आला तर काय करावयाचे. हे बोलणे अशुभ म्हणून टाळले जाते. टाळल्याने प्रसंग मात्र टळत नाही.

पथकाची मुदत एका वर्षाची होती. चोळकर, अटल आणि मुखर्जी एकेक करून स्वदेशी परतले. बसू व कोटणीस राहिले. कोटणीसांनी १९४१ पासून बेथ्यून शांतता रुग्णालयाची धुरा वाहिली, तेथेच संसार थाटला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी देह ठेवला. १९४६ साली व्ही. शांतारामांनी चित्रपट काढून त्यांचे नाव घरोघरी नेले. तो मान सर्वथा योग्यच होय. परंतु परत आलेल्यांचे कार्य त्यामुळे उणे ठरत नाही. ठरल्या वेळी जाणे, नेमलेले काम करणे आणि ते दुसऱ्याच्या हाती सोपवून घरी येणे, ही अल्पमुदतीच्या सेवेची पूर्ण सिद्धी आहे. म्हणून निघणाऱ्याने आपल्या सामानाच्या यादीत सर्वांत वर एकच प्रश्न लिहावा: आपण निघून आल्यावर तेथील रोग्यास कोण पाहणार? ज्या पथकाजवळ त्याचे उत्तर आहे, त्याची तयारी झाली असे समजावे.