वंध्यत्वाचे उपचार आणि ऊसतोडीचा हिशेब

(बीड येथे ऊसतोड कामगारांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्गाच्या विषयपत्रिकेत मजुरीचे दर, उचल, मुकादमी, मुलांचे शिक्षण असे विषय आहेत. संयोजकांना मी 'मूल न होणे' हा विषय कळवला, तेव्हा हा विषय डॉक्टरांकडे द्यायला नको का, असे त्यांनी अदबीने विचारले. शंका रास्त होती. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. वैद्यकातले मला कळते ते वाचून आणि सोसून. परंतु उपचार कोणाला मिळतो, कोणत्या किमतीला मिळतो आणि तो घेण्यासाठी लागणारा वेळ कोणाच्या मालकीचा असतो, हे प्रश्न अर्थशास्त्राचेच आहेत, अशी माझी धारणा आहे.

बीड जिल्ह्यातील स्त्रीच्या गर्भाशयाची चर्चा साऱ्या देशाने २०१९ साली केली. त्या वर्षी जून महिन्यात विधिमंडळात सरकारने माहिती दिली की, आधीच्या तीन वर्षांत या जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जी पाहणी आली, तीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची 'पिशवी' काढलेली आढळली. म्हणजे जवळजवळ दर सहा जणींमागे एक. आपण त्यावर मोर्चे काढले, निवेदने दिली आणि ते योग्यच होते. पण त्या वेळी आपल्या निवेदनांत एक स्त्री कोठेच नव्हती. ती म्हणजे जिला मूल हवे आहे आणि होत नाही, अशी ऊसतोड करणारी स्त्री. दोन-तीन लेकरांच्या आईची पिशवी काढली जाते हा अन्याय आम्हाला दिसला; त्याच फडात, त्याच टोळीत लग्नाला सहा-सात वर्षे होऊनही कूस न उजवलेली बाई मोळ्या वाहत असते, ती दिसली नाही.

या दोघींची दुखणी वेगळी नाहीत, हे ध्यानात घेतले पाहिजे. कारखान्याच्या आसपासच्या माळावर कोप्यांची वस्ती असते. तेथे न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाळीचा कपडा धुवायला पुरेसे पाणी नाही. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर विश्रांती नाही. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे नित्याचे होते. जंतुसंसर्गावर वेळीच औषध मिळाले नाही, तर तो वर सरकतो आणि गर्भनलिका बंद करू शकतो. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग हेही नलिका बंद पडण्याचे एक मोठे कारण आहे. या क्षयाची बाहेरून फारशी खूण दिसत नाही आणि बाई खोकतही नाही. आता पाहा. हेच पांढरे जाण्याचे दुखणे घेऊन लेकुरवाळी बाई खाजगी दवाखान्यात गेली, तर तिला कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला सांगितले जाते. तेच दुखणे अंगावर काढणाऱ्या नव्या सुनेच्या नलिका मिटतात आणि पाच वर्षांनी तिला वांझ म्हटले जाते. रोग एक, आणि त्यावरची साधी औषधे सरकारी दवाखान्यात मिळण्याजोगी. खेड्यातील बाईला आडोसा नाही, हा राष्ट्रीय प्रश्न आहे, असे डॉ. लोहिया सांगत असत. त्याचा संबंध गर्भनलिकांपर्यंत पोचतो, हे आपल्यापैकी किती जणांच्या मनात आले असेल?

आता उपचारांकडे वळतो. वंध्यत्वाचा उपचार ही एका दिवसात उरकण्याची गोष्ट नव्हे. तो स्त्रीच्या पाळीच्या पंचांगावर चालतो. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या घ्यायच्या. नलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्याचा एक्स-रे पाळी थांबल्यावर, बहुधा सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काढायचा. स्त्रीबीज वाढते आहे का, हे पाहण्यासाठी नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. टेस्ट ट्यूब पद्धतीत तर दहा-बारा दिवस रोज सुई, आणि त्यांतील बरीचशी औषधे थंड जागी ठेवावी लागतात. नंतर बीज काढणे, तीन ते पाच दिवसांनी गर्भ आत सोडणे, पुन्हा दोन आठवडे वाट पाहणे. आणि एवढे करून तरुण स्त्रीच्या बाबतीतही एका खेपेला यश मिळण्याची शक्यता ढोबळमानाने तिघींत एकीची; वय वाढते तशी तीही उतरत जाते.

हे पंचांग कोयत्याच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सुटते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येण्यासाठी. पहाटे फडात जायचे, गाडी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्री का येईना, ती भरायची. एकाने सुटी घेतली तर कोयता अर्धा होत नाही, बंद पडतो, आणि खाडा पडतो. खाड्याचा दंड पाचशे रुपये आणि कोठे त्याहूनही अधिक. दहाव्या दिवशी सोनोग्राफी, बाराव्या दिवशी पुन्हा, चौदाव्या दिवशी पुन्हा, म्हणजे तीन खाडे. आणि दवाखाना गावाकडे, फड दोनशे-तीनशे किलोमीटरवर. कोपीत वीज नाही तेथे सुईचे औषध थंड ठेवणार कशात?

पैशाचे गणितही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला ३६६ रुपये झाला. एक जोडी दिवसाला दोन टन तोडते असे धरू. दिवसाचे ७३२ रुपये. खाजगी केंद्रात टेस्ट ट्यूबच्या एका खेपेला औषधांसह दीड लाख रुपये धरले, तर ते २०५ दिवसांचे काम होते. एवढा लांब गाळप हंगाम सहसा नसतो. म्हणजे दोघांनी संपूर्ण हंगाम काहीही न खाता राबायचे आणि तिघींत एकीची शक्यता विकत घ्यायची. साहजिकच हा पैसा मुकादमाच्या उचलीतून येतो आणि पुढच्या हंगामाचे श्रम गहाण पडतात. उचल लग्नासाठी घेतली जाते, हे आपण जाणतो. ती मुलासाठीही घेतली जाते, याची नोंद आपण आपल्या पाहण्यांत कधी केली?

येथे आपल्यातलेच काही सुशिक्षित मित्र म्हणतात की, लोकसंख्या एवढी वाढलेली असताना गरिबांच्या वंध्यत्वावर सरकारने पैसा का खर्चावा? हे वाक्य मी पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील स्त्रीमागे सरासरी अपत्ये १.७ आहेत, लोकसंख्या आहे तेवढी टिकायला लागणाऱ्या प्रमाणाहूनही कमी. पण आकडा वेगळा असता, तरी माझे म्हणणे तेच राहिले असते. भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. तेव्हापासून गरिबाच्या प्रजननक्षमतेकडे राज्यसंस्थेने आवर घालण्याची वस्तू म्हणूनच पाहिले. आणीबाणीत, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे विधिमंडळ आपल्याच राज्याचे होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही हे आपले भाग्य. आपल्या चळवळीतील अनेकांनी त्या काळी तुरुंगवास सोसला. ज्यांनी शरीरावरील सरकारी सक्तीला विरोध केला, त्यांनीच 'तुम्हाला मूल हवे कशाला' असे गरिबाला विचारावे, ही विसंगती आहे. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला अनुदान, आणि मूल मागणाऱ्याला बाजाराचा रस्ता, असा हा व्यवहार आहे. १९९४ च्या कैरो परिषदेत वंध्यत्वाचा प्रतिबंध आणि उपचार हा प्रजनन आरोग्याचा भाग मानला गेला. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत तो किती झिरपला, हे गावोगाव फिरणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

हा उपचार मुळात श्रीमंतांचा होता, असेही नाही. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले देशातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात जन्मले. ते रुग्णालय महानगरपालिकेचे. डॉ. इंदिरा हिंदुजा तेथे काम करीत होत्या, आणि त्यांच्यासोबत डॉ. आनंद कुमार यांची परळची संशोधन संस्था केंद्र सरकारच्या वैद्यक संशोधन परिषदेची होती. त्याआधी, १९७८ साली, कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हेच केले होते आणि सरकारी अविश्वासाने त्यांचा बळी घेतला. ज्ञान उभे राहिले ते सार्वजनिक पैशावर, सार्वजनिक रुग्णालयात; पुढे तीस-चाळीस वर्षांत ते काचेच्या दारांआड गेले. ते परत आणता येते, हे गोव्याने दाखवले आहे. बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून टेस्ट ट्यूब उपचार मोफत सुरू झाले. गोवा लहान राज्य आहे हे मान्य. पण लहान राज्याला जे परवडते ते साखरेच्या राज्याला परवडू नये?

तथापि माझी पहिली मागणी टेस्ट ट्यूबची नाही. ती सर्वांत स्वस्त तपासणीची आहे, आणि ती पुरुषाची आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाचा दोष एकट्याने किंवा स्त्रीच्या दोषाबरोबर असतो. वीर्यतपासणीला सूक्ष्मदर्शक यंत्र आणि शिकलेला तंत्रज्ञ लागतो. चिरफाड नाही, भूल नाही. तरी ती शेवटी होते.

येथे स्वतःविषयी थोडे बोलणे भाग आहे. माझे लग्न १९८६ साली झाले. चार वर्षे मूल झाले नाही. त्या चार वर्षांत माझ्या पत्नीचे दोनदा क्युरेटिंग झाले, नलिकांचा एक्स-रे झाला, एका देवस्थानी अकरा सोमवारही झाले. एसटीने पुण्याला नेण्या-आणण्याचे काम मी निष्ठेने केले आणि त्याबद्दल स्वतःला पुरोगामी पती समजत असे. माझी तपासणी पाचव्या वर्षी झाली, तीही एका नव्या डॉक्टरीणबाईंनी फाईल पाहून 'यांचा कागद कुठे आहे?' असे विचारल्यामुळे. दोष माझ्यात होता. त्या चार वर्षांत मी या जिल्ह्यात स्त्री-पुरुष समतेवर किती व्याख्याने दिली, हे मोजायचे धाडस मला होत नाही. पुढे आमचे काय झाले ते आमच्या घरापुरते राहू द्या.

घरात आणि गावात या बाईचे जे होते, ते कोणत्याच दवाखान्यात बरे होत नाही. डोहाळजेवणाला तिला बोलावत नाहीत, बारशाला पाळण्यापाशी येऊ देत नाहीत, ओटी भरताना तिचा हात टाळतात. द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा मुंबई प्रांतात १९४६ सालीच झाला. तरी 'वंशाला दिवा नाही' एवढ्यावर दुसरी बायको आणलेली घरे तुम्हाला ठाऊक आहेत. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे ८०७ मुली राहिल्या, तेथे नुसत्या मुलींची आईही 'मूल नसलेली'च मोजली जाते. आणि मग बाबा-बुवा येतात. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, मूल न होणाऱ्या स्त्रीला दैवी शक्तीने मातृत्व देण्याचे आश्वासन देऊन तिच्याशी शरीरसंबंध ठेवणे हा स्वतंत्र अपराध म्हणून लिहावा लागला. या स्त्रियांना कोठकोठे जावे लागत होते, ते त्या एका कलमावरून कळते.

जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल नव्हते. जोतीरावांना दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला तेव्हा, दोष पुरुषात असेल तर बाईने दुसरा नवरा करावा काय, असे त्यांनी विचारल्याचे सांगतात. पुढे १८७४ साली त्यांनी आपल्या बालहत्याप्रतिबंधक गृहात जन्मलेल्या यशवंतला दत्तक घेतले. पण हे उदाहरण आपण दुसऱ्यांना 'दत्तक घ्या' असे सहज सांगून मोकळे होण्यासाठी वापरू नये. दत्तक घेणे हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. आणि उपचार थांबवून मुलावाचून राहणे हाही. उसनवारी करून चौथ्या-पाचव्या खेपेला निघालेल्या जोडप्याला 'आता पुरे म्हटलेत तरी चालेल' असे सांगणारा माणूस खाजगी बाजारात सापडत नाही, कारण त्या सांगण्यात कोणाचाच नफा नाही. ते काम आपल्यापैकी कोणीतरी करायला हवे.

कामाचे म्हणाल तर जून ते सप्टेंबर हे महिने आपल्या हातात आहेत. त्या काळात टोळ्या गावी असतात. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी उभारलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. या चार महिन्यांत ठरलेल्या वारी वंध्यत्वाचा बाह्यरुग्ण विभाग चालावा, तेथे पहिल्या भेटीतच नवऱ्याची तपासणी व्हावी, क्षयाची शंका असल्यास ती पाहिली जावी, आणि कागद जोडप्याच्या हाती राहावेत, म्हणजे फडाजवळच्या सरकारी रुग्णालयात ते पुढे चालवता येतील. ही मागणी घेऊन येत्या महिन्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाऊ. दुसरी गोष्ट कारखाने आणि मुकादम यांच्याकडे मागायची आहे: उपचाराच्या, पाळीच्या आणि गर्भपाताच्या दिवसांना खाडा नाही. उचलीचे कागद पावसाळ्यात होतात. ही अट आपल्याला त्या कागदावर हवी आहे, आणि तीही अंगठे उमटण्याच्या आधी.