काळ्याचं काळेपण

1941 सालच्या शरद ऋतूतली संध्याकाळ. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ नावाच्या छोट्या गावावर चंद्र वर आलेला आणि दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं ऊन. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी गाडी थांबवली, 8 बाय 10 इंची कॅमेरा घाईघाईनं उभा केला, पण प्रकाश मोजायचं मीटर काही सापडेना. चंद्राच्या तेजाचा आकडा मात्र त्यांना पाठ होता. त्यावरून त्यांनी तोंडी हिशेब केला, भिंगाचं छिद्र एफ 32 वर आणलं आणि एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. दुसऱ्या छायाचित्रासाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं! ‘मूनराइज’ हे जगप्रसिद्ध छायाचित्र त्या एकाच निगेटिव्हचं.

सरासरी काढणाऱ्या मीटरवर विसंबले असते, तर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका उरण्याची भीती होती. साधं मीटर समोरचं सारं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे, असं धरून चालतं. म्हणून बर्फ मळकट येतो आणि काळीभोर म्हैस राखाडी दिसते. तिचं काळेपण राखायचं, तर मीटरचं न ऐकता प्रकाश कमी करावा लागतो.

डायल असते ती यासाठी. 1982 साली आलेला निकॉनचा एफएम2 पाहा. वरच्या डायलवर शटरच्या वेगाचे 1 पासून 4000 पर्यंत आकडे. 125 म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. 250 वर नेलं की बोटाला खटका जाणवतो आणि प्रकाश निम्मा होतो. भिंगावरचं छिद्राचं कडं 8 वरून 5.6 वर फिरवलं की तो दुप्पट. बॅटरी संपली तर मीटर बंद पडतं, शटर चालूच राहतं. स्टीव्ह मॅकरी यांनी 1984 साली पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी याच कॅमेऱ्यातली.

स्वयंचलित कॅमेऱ्याला नावं ठेवायचं मात्र कारण नाही. 1976 सालच्या कॅनन एई-1 मध्ये मायक्रोप्रोसेसर होता. शटरचा वेग माणसानं ठरवायचा, छिद्र कॅमेऱ्यानं. धावत्या खेळाडूमागे कॅमेरा फिरवणाऱ्याला याचं मोल नक्कीच कळतं.

पुढे बटणं आणि पडदे आले, डायली मागे पडल्या. 2011 मध्ये बाजारात आलेल्या फुजीफिल्म एक्स100 वर त्या पुन्हा दिसल्या, आणि शटरची डायल व छिद्राचं कडं या दोन्हींवर ‘ए’ म्हणजे ऑटोची खूणही होती. हवं तेव्हा कॅमेऱ्यावर सोपवा, हवं तेव्हा स्वतः ठरवा. कॅमेरा बंद असतानाही आकडे समोर दिसतात, हे मोठं सुख.

आता एखादं छायाचित्र पाहताना नजर आधी सर्वांत गडद भागावर न्या. तिथं पोत दिसतो का? मग पांढऱ्याकडे वळा. शटरचा वेग ओळखायला धबधब्याचं पाणी थेंबाथेंबानं गोठलंय की दुधासारखं ओघळतंय, तेही पाहा. मोबाइलवर हेच करून बघायचं असेल तर काळ्या घोंगडीचा फोटो घ्या. पडद्यावर घोंगडीला बोट लावलं की बहुतेक फोनवर सूर्याची छोटी खूण येते. ती हळूहळू खाली ओढा आणि घोंगडी खरोखर काळी दिसू लागली की थांबा.