आत्याबाईंचा गळ

आम्ही भोकरदन तालुक्यातल्या धावड्याहून बोलतोय. एरवी आम्ही बोलायला आलो की बचत, कर्जफेड, मिरचीचा भाव असलं काहीतरी असतं. आज मासे धरण्याबद्दल बोलणार आहोत. ऐकणाऱ्यांत माळकरी बाया असतील, त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नये. आमच्या गटातही दोघी माळकरी आहेत. त्या माशाला हात लावत नाहीत, पण माशांचा सगळा हिशोब त्यांच्याच वहीत आहे.

सुरुवात झाली एका पत्र्याच्या डब्यापासून. आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क सभासदाला अख्खी गल्ली आत्याबाई म्हणते. मागच्या श्रावणात त्या बैठकीला एक डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भंगारवाला याचे तीस रुपये देतो म्हणतो. देऊ का?" डबा त्यांच्या थोरल्या भावाचा होता. हे दादा तरुणपणी विलायतेला गेले आणि बर्मिंगहॅमकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी उमर काढली. म्हातारपणी ते गावी परत आले आणि दोन वर्षांपूर्वी वारले. डबा उघडला तर आत मासे धरायचं सामान! श्रावणात हे काय दाखवताय म्हणून सगळ्या हसल्या. पण डबा हातोहात फिरला आणि त्या दिवशी बचतीचे पैसे मोजायला संध्याकाळ झाली.

डब्यात पितळेची कडी असलेली लाकडी चक्री होती. दोरा गुंडाळायची. टोकाला लाल रंग दिलेले सायाळीचे काटे होते. पिवळ्या पडलेल्या कागदाच्या पुडीत बारीक बारीक गळ होते, आमच्या नथीच्या आकड्याएवढे. एका डबीत शिशाच्या गोळ्या, आणि एका पाकिटात दोऱ्याचं कडक वेटोळं होतं. हात लावला की तुटत होतं. आत्याबाईंनी सायाळीचा काटा उचलला आणि म्हणाल्या, "हा तर माझाच आहे."

त्यांचा म्हणजे तोच नव्हे, तसलाच. नऊ-दहा वर्षांच्या असताना त्या दादांच्या मागे मागे ओढ्याच्या डोहावर जायच्या. गळ विकत घ्यायला पैसे नव्हते. मग आईच्या डब्यातली सुई चोरायची, चिमणीच्या ज्योतीवर लाल करायची आणि पकडीनं वाकवायची. सुई तापवल्याशिवाय वाकवली तर मोडते, हे त्यांनी मोडूनच शिकून घेतलं. सुताचा दोरा तीन पदरी वळून त्याला मेण लावायचं. वर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, नाहीतर मोरपिसाची दांडी, नाहीतर डोंगरात सापडलेला सायाळीचा काटा. आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. सुईच्या गळाला उलटा काटा नसतो, म्हणून मासा लागला की दोरा जरासुद्धा ढिला पडू द्यायचा नाही. मळ्या, शिंगटी, कधी एखादी वाम मिळायची. मरळ एकदाच लागली आणि ती दादांना पाण्यात ओढून घेऊन गेली, असं आत्याबाई सांगतात. दादा मात्र म्हणायचे की ते घसरले होते.

तेराव्या वर्षी आत्याबाईंचं लग्न झालं. सासरी सुनेनं गळ टाकत बसणं शोभत नाही, म्हणून तो तिथंच सुटला. दादांचा मात्र सुटला नाही, तो बर्मिंगहॅमला गेला.

आता त्या पुडीची गंमत ऐका. पुडीवर रेडिच असं गावाचं नाव छापलेलं आहे. हे गाव बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि ते सुयांचं गाव. एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुतेक सुया तिथं व्हायच्या आणि त्याच तारेपासून, त्याच कारखान्यांत मासे धरायचे गळही व्हायचे. म्हणजे आत्याबाईंनी चिमणीवर जे केलं तेच ते गाव कारखान्यात करत होतं. फोर्ज मिल नावाची तिथली जुनी गिरणी आता सुयांचं संग्रहालय आहे. सुयांना टोक काढणारे कामगार कोरड्या दगडी चाकावर सुया घासायचे. ती धूळ छातीत बसून त्यांच्यातले कित्येक जण ऐन तरुणपणात मरायचे. आपण ब्लाउजला हुक लावताना सुई हरवली तर चरफडतो. त्या सुईमागे असलं काही असेल, असं आमच्या कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं.

आणि ते कडक दोऱ्याचं वेटोळं? ते आम्हाला कळेना. गटातल्या एकीच्या माहेरी तुतीची लागवड आहे, कोष जालन्याच्या बाजारात जातात. ही कोषांची बाजारपेठ २०१८ साली सुरू झाली, तुमच्यापैकी काहीजणी तिथं जात असाल. तिच्या भावानं ते हातात घेतलं, मोबाइलवर शोधलं आणि सांगितलं की हे रेशीमकिड्याच्या पोटातलं आहे. नायलॉन १९३८ साली जगापुढे आलं. त्याच्या आधी गळाजवळचा शेवटचा हातभर दोरा पाण्यात न दिसणारा हवा, म्हणून रेशीमकिडा कोष विणायच्या बेतात आला की त्याला सिरक्यात बुडवायचे आणि त्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी हातानं ताणून तिचा एकच जाड तंतू काढायचे. हे काम मुख्यतः स्पेन देशातल्या मुर्सिया भागात चालायचं. वापरण्याआधी तो तंतू पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर तुटतो. आम्ही तो कोरडाच ओढत बसलो होतो.

दादांची पत्रंही डब्यात होती. निळ्या हवाई पत्रांवर पत्ता तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद असा आहे, कारण जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. पत्रांत कारखान्याबद्दल दोन ओळी असायच्या आणि माशांबद्दल पानभर. त्यांनी लिहिलंय की इकडे माशांतही उच्च-नीच आहे. सामन आणि ट्राउट हे साहेबांचे मासे. ते ज्या नदीत असतात तिथं गळ टाकायला पैसे मोजावे लागतात. बाकी सगळे कोर्स, म्हणजे भरड. कारखान्यातली माणसं रविवारी कालव्याच्या काठाला स्टुलं टाकून भरड मासे धरत बसतात, आणि मी त्यांच्यात बसतो. जेवणाच्या सुट्टीत कोणी माझ्याशी बोलत नाही, पण कालव्यावर शेजारचा माणूस विचारतो, काय लावलंयस गळाला? मी सांगतो, कणीक आणि चिमूटभर हळद.

हे वाक्य आत्याबाईंनी आमच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

पत्रातल्या एका गोष्टीवर तेव्हा अख्खं घर हसलं होतं. दादांनी लिहिलं होतं की इथं मासा धरून तोलतात आणि परत पाण्यात सोडून देतात. आणि १५ मार्च ते १५ जून नदीत भरड मासा धरायलाच बंदी, अंडी घालायचे दिवस म्हणून. आत्याबाईंच्या आईचं म्हणणं, पोराला तिकडची हवा बाधली. सोडायचाच तर धरायचा कशाला?

उलटीकडून इकडे आलेल्यांनाही हा नाद होताच. हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या तलावांत गळ कसा टाकावा यावर १८८७ साली आख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्याही आधी कर्नल साइक्स हा लष्करी अधिकारी दख्खनच्या नद्यांमधले मासे गोळा करत होता. १८३९ साली त्यानं त्यांची शास्त्रीय नावं छापली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावंच लॅटिनला जोडून दिली. म्हणून आजही जगभरच्या शास्त्रज्ञांच्या पुस्तकात शिंगटीचं नाव मिस्टस शिंगटी आहे आणि मळ्याचं गारा मळ्या. हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे आमचंच बोलणं लिहून घेतलं त्यानं." खरं आहे.

आता डबा भंगारात का गेला नाही ते सांगतो. आमच्या एका सभासदाचं शेततळं आहे, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं. आषाढात तिनं गटाकडून वीस हजार कर्ज घेतलं आणि तळ्यात रोहू, कटला आणि सायप्रिनसची हजार बोटुकली सोडली. रोज शेंगपेंड आणि कोंडा. मार्गशीर्षात एक व्यापारी आला, काठावरून पाण्यात बघितलं आणि म्हणाला, "दोन-अडीचशे ग्रॅमच्या वर एक नाही. उक्ते देऊन टाका, मी जाळं लावून घेऊन जातो." त्यानं सांगितलेल्या रकमेत कर्ज फिटलं असतं, पण पेंडीचे पैसेही निघाले नसते. घरी नवरा म्हणत होता, देऊन टाक. ती रडकुंडीला आलेली. मासे किती मोठे आहेत हे तिलाही माहीत नव्हतं, कारण पाण्यातलं कोण मोजणार? जाळं आमच्याकडे नाही, आणि जाळ्याची शिशाची कडा ओढताना कागद फाटला तर तळंच गेलं.

आत्याबाई म्हणाल्या, "दहा-बारा मासे धरून तोलू या की."

गळ टाकायच्या आधी दोन गोष्टी केल्या. शेततळ्याचा कागद शेवाळानं निसरडा असतो, त्यात पडलं की पोहता येणारालाही वर येणं कठीण जातं. म्हणून काठाच्या खुंट्याला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडला आणि लेकरांना लांब ठेवलं. दुसरी गोष्ट शिशाची. आत्याबाईंच्या नातवानं डबीतली गोळी दोऱ्यावर बसवायला सरळ दाताखाली धरली. आपल्याकडे सगळेच असं करतात, आणि काही घरांत तर पोरं जुन्या बॅटरीतलं शिसं चुलीवर वितळवून गोळ्या ओततात. मैत्रिणींनो, हे करू देऊ नका. शिसं पोटात किंवा श्वासात गेलं की लेकरांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. दादांच्या त्या देशात पाण्यातल्या शिशाच्या गोळ्या खड्यांबरोबर गिळून हंस मरायला लागले, म्हणून १९८७ साली त्यांनी छोट्या गोळ्यांवर बंदी घातली. आम्ही वजनाला सायकलचा एक छोटा नट बांधला, छान काम झालं. शिशाची डबी चिकटपट्टी लावून बंद करून ठेवली आहे, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी.

दादांच्या पुडीतला एक गळ घेतला आणि त्याचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केला, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. चक्री काढली नाही, तिचं तंत्र कुणाला येत नव्हतं. साधी वेळूची काठी, नायलॉनचा दोरा आणि सायाळीचा तो लाल टोकाचा काटा घेतला. हा काटा शोभेचा नाही. तो दोऱ्यावर वर-खाली सरकवला की गळ किती खोल लटकणार ते ठरतं. आम्ही तो असा बांधला की गळ तळाच्या कागदापासून वर राहील. पहिल्या दिवशी सकाळी सातला गेलो आणि दोन तास एकही मासा लागला नाही. थंडीत मासा सकाळी खात नाही हे आत्याबाईंना आठवलं, पण दोन तासांनी. मग दुपारी दोनला, खाद्य टाकायच्या कोपऱ्यात गेलो. गळाला कणीक, पेंड आणि चिमूटभर हळद.

लाल टोक एकदा हललं, आडवं झालं आणि बुडालं. आत्याबाईंनी पासष्ट वर्षांनी काठी ओढली. त्या बोलल्या काहीच नाहीत, दोरा मात्र ताठ धरून ठेवला. पिवळट, जाड खवल्यांचा सायप्रिनस होता. हा आपल्याकडचा मूळचा मासा नाही, तो बाहेरून आला, आणि दादा कालव्यावर ज्या भरड माशांची वाट बघत बसायचे त्यांत हाही होता. हात ओले करून धरला, कारण कोरड्या हातानं धरलं की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो टिकत नाही. ओल्या पिशवीत घालून किराण्याच्या काट्यावर तोलला.

दोन दुपारी मिळून अकरा मासे लागले, एकूण ४ किलो ७३० ग्रॅम. सरासरी ४३० ग्रॅम. आता हेही सांगायला पाहिजे की गळाला मोठे आणि भुकेले मासेच आधी लागतात, त्यामुळे तळ्यातली खरी सरासरी याहून कमी असणार. पण दोन-अडीचशे ग्रॅमच्या वर एक नाही हे खोटं, कारण अकरापैकी नऊ मासे त्याच्या वर होते. व्यापाऱ्याला निरोप दिला की विकायचे ते काट्यावर, उक्ते नाही. तो अजून आलेला नाही. दुसरा एकजण येतो म्हणालाय. होळीच्या आधी पुन्हा तोलायचं ठरलंय, तोवर पेंडीसाठी तिला आणखी तीन हजार द्यायचे की नाही यावर गटात एकमत व्हायचं आहे.

पहिला मासा तोलून झाल्यावर आत्याबाईंनी तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला, शेपूट हलेपर्यंत, आणि सोडला. वहीवाली ताई काठावर पाठ करून बसली होती. तिनं मान न वळवता विचारलं, "काय लिहू?" आत्याबाई म्हणाल्या, "लिही. सायप्रिनस, ५१० ग्रॅम, परत सोडला."