पायडलांच्या फेऱ्यांचे मोजमाप

सायकलच्या हँडलवर बसवलेल्या छोट्या संगणकाच्या पडद्यावर जे आकडे उमटतात, त्यांपैकी वेगाचा आकडा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. परंतु वेग हा एकट्या सायकलस्वाराच्या हाती नसतो, कारण समोरून वारा सुटला, चढ लागला किंवा रस्ता खडबडीत झाला की तेवढेच कष्ट करूनही तो उतरतो. त्याच पडद्यावरचा दुसरा एक आकडा मात्र पुष्कळ अंशी स्वाराच्या स्वाधीन असतो, आणि तो म्हणजे केडन्स. पायडल ज्या दांड्यांना जोडलेले असतात त्यांना क्रँक म्हणतात, आणि हे क्रँक एका मिनिटात जितके पूर्ण फेरे घेतात ती संख्या म्हणजे केडन्स. चढ असो वा वारा, सायकलला पुरेसे गिअर असतील तर स्वार ही संख्या आपल्याला सोसेल तेथे आणून ठेवू शकतो, आणि म्हणूनच हा आकडा दाखवणारे यंत्र कसे निवडावे व कसे वापरावे याचा विचार वेगाच्या मोहापासून थोडा दूर राहून करणे आवश्यक ठरते.

पायांतून सायकलला मिळणारी शक्ती दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: पायडल किती जोराने दाबले जाते आणि किती वेळा फिरवले जाते. समजा, एखादा स्वार सपाट रस्त्यावर १५० वॉट शक्ती लावत आहे आणि त्याच्या क्रँकची लांबी नेहमीप्रमाणे १७० मिलिमीटर आहे. त्याचा केडन्स ६० असेल तर संपूर्ण फेऱ्यात त्याला सरासरी सुमारे १४ किलो वजनाइतका जोर लावावा लागतो, आणि तीच शक्ती त्याने ९० च्या केडन्सने दिली तर हा जोर साडेनऊ किलोंच्या आसपास येतो. प्रत्यक्षात पायडल खाली जात असताना जोर सरासरीहून बराच अधिक असतो आणि फेऱ्याच्या अगदी वरच्या व अगदी खालच्या टोकाला तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे जड गिअरमध्ये रेटत जाणाऱ्याच्या गुडघ्यावर पडणारा भार या सरासरीवरून वाटतो त्याहून मोठा असतो, आणि तो तासाला हजारो वेळा पडतो.

यावरून जितके जलद फिरवावे तितके चांगले, असा निष्कर्ष निघेल. पण शरीराचा हिशेब इतका सरळ नाही. पाय नुसते फिरवायलाही शक्ती खर्च होते, त्यामुळे खर्च होणारा ऑक्सिजन मोजला तर बेताच्या श्रमात ६० च्या आसपासचा केडन्स अधिक काटकसरीचा ठरतो, आणि तरीही कसलेले शर्यतपटू स्वतःहून ८० ते १०० चा केडन्स निवडतात. या विसंगतीचे एक मान्य स्पष्टीकरण असे, की स्नायूंत मंद गतीचे व जलद गतीचे असे दोन प्रमुख प्रकारचे तंतू असतात; प्रत्येक दाब हलका असेल तर मुख्यतः न दमणाऱ्या मंद तंतूंवर काम भागते, आणि दाब जड झाला की लवकर थकणारे, स्नायूंतली साखर वेगाने जाळणारे जलद तंतू कामाला लागतात. हलक्या दाबाने व जलद फिरवण्यात हृदय आणि फुप्फुसांवरचा ताण किंचित वाढतो, पण त्या बदल्यात पायांचे स्नायू उशिरापर्यंत ताजे राहतात. ज्याचे हृदय व फुप्फुसे अद्याप सरावलेली नाहीत अशा नवख्या स्वाराने शर्यतपटूचा ९० चा आकडा पहिल्याच महिन्यात गाठण्याचा हट्ट धरू नये, हे याच कारणाने सांगावे लागते.

केडन्सविषयी सर्वांत बोलके उदाहरण सायकलच्या एका तासाच्या विक्रमात सापडते. या प्रयत्नात स्वार एकटाच वेलोड्रोमच्या धावपट्टीवर तासभर फिरतो आणि त्याने कापलेले अंतर मोजले जाते. बेल्जियमच्या एडी मर्क्स यांनी २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटी येथे ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, तेव्हा त्यांच्या सायकलला पुढे ५२ आणि मागे १४ दात होते. इटलीच्या फिलिपो गान्ना यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेन्शेन येथे ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले, आणि त्यांच्या पुढच्या चक्राला ६५ व मागच्या चक्राला १४ दात होते. ट्रॅकच्या सायकलला फ्रीव्हील नसते, चाक फिरेल तितका वेळ पायडल फिरतातच, त्यामुळे अंतर आणि दात ठाऊक असले की केडन्स कागदावर काढता येतो. तो काढला तर मर्क्स यांचा केडन्स शंभराच्या थोडा वर आणि गान्ना यांचा शंभराच्या थोडा खाली येतो. पन्नास वर्षांत वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढला, गिअर बरोबर २५ टक्क्यांनी मोठा झाला, आणि पाय मात्र किंचित सावकाश फिरू लागले. सायकलची घडण, बसण्याची पद्धत, पोशाख आणि हवेच्या विरोधाचे शास्त्र यांत क्रांती झाली. पायांना मानवणारी लय त्या मानाने फारच थोडी हलली.

याच हिशेबातून निवडीचा पहिला प्रश्न सुटतो. ज्या सायकलला एकच गिअर आहे, तिच्यावर पायडल मारणे चालू असेपर्यंत वेग आणि केडन्स एकमेकांना बांधलेले असतात. पुढे ४४ व मागे १८ दात असलेल्या साध्या काळ्या सायकलवर ताशी १९ ते २० किलोमीटर वेग असेल तर केडन्स ६० च्या जवळपासच असणार, आणि तो मोजण्यासाठी वेगळे यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही. केडन्सच्या यंत्राचे खरे मोल गिअरच्या सायकलवर आहे, कारण तेथे एकाच वेगाला अनेक केडन्स शक्य असतात आणि त्यांतला सोयीचा कोणता, हे स्वाराला ठरवावे लागते.

यंत्राच्या रचनेत मुख्यतः दोन पद्धती आढळतात. जुन्या पद्धतीत क्रँकला एक लहान चुंबक आणि सायकलच्या मागच्या आडव्या दांड्याला एक संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवतात. सेन्सरच्या पोटात काचेच्या बंद नळीत लोहधर्मी धातूच्या दोन बारीक पट्ट्या असतात. चुंबक जवळून गेला की त्या एकमेकींना चिकटतात आणि विद्युतमंडल क्षणभर पूर्ण होते. ही रचना अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये टेलिफोनच्या कामासाठी तयार केली होती. नव्या पद्धतीत चुंबक नसतो. क्रँकवरच चिकटवलेल्या सेन्सरमध्ये त्वरण मोजणारी सूक्ष्म चकती असते, आणि क्रँक फिरताना गुरुत्वाकर्षणाची दिशा तिच्या दृष्टीने सतत बदलत असल्यामुळे त्या बदलावरून फेरे मोजले जातात. पहिल्या पद्धतीत चुंबक आणि सेन्सर यांच्यातले अंतर काही मिलिमीटरच ठेवावे लागते आणि धक्क्याने सेन्सर सरकला की आकडा शून्यावर जातो. दुसरीत ही कटकट नाही, मात्र सेन्सर निजलेला असल्यास पहिले काही फेरे वाया जातात. ज्याला दोन सायकलींवर एकच सेन्सर आलटून पालटून वापरायचा आहे त्याने बिनचुंबकी घ्यावा. ज्याला स्वस्त आणि वर्षानुवर्षे न बिघडणारे हवे आहे त्याच्यासाठी तारेचा, चुंबकाचा संच आजही उत्तम आहे, आणि तो जुना दिसतो एवढ्यावरून नाकारू नये.

तारेवाचून चालणाऱ्या सेन्सरांत अँट प्लस आणि ब्लूटूथ या दोन संदेशपद्धती प्रचलित आहेत. अँट प्लसचा सेन्सर आपला आकडा एकाच वेळी कितीही यंत्रांना ऐकवू शकतो, तर ब्लूटूथच्या सेन्सरला एका वेळी जोडता येणाऱ्या यंत्रांची संख्या मर्यादित असते. मोबाइलला प्रायः ब्लूटूथच समजते, आणि सायकलसाठीच बनवलेल्या बहुतेक संगणकांना दोन्ही समजतात. म्हणून दोन्ही पद्धतींत बोलणारा सेन्सर घेणे शहाणपणाचे असते. आणखी एक बाब दुकानात सहसा सांगितली जात नाही. पावसाळ्यात महाराष्ट्रातले अनेक हौशी स्वार घरात ट्रेनरवर, म्हणजे मागचे चाक उचलून धरणाऱ्या घोडीवर, सराव करतात. तेथे पुढचे चाक फिरतच नाही, आणि जीपीएसला तर सायकल जागची हललेलीच दिसत नाही. अशा स्वाराने वेगाचा सेन्सरही मागच्या चाकावर बसणारा निवडला पाहिजे.

पडद्याच्या बाबतीत एकच कसोटी पुरेशी आहे: वेग आणि केडन्स हे दोन्ही आकडे एकाच वेळी, बटण न दाबता, भर उन्हात एका नजरेत वाचता आले पाहिजेत. काही स्वस्त संचांत केडन्स पाहण्यासाठी बटण दाबून पडदा बदलावा लागतो, आणि तेथेच यंत्र घेण्याचा हेतू फसतो. नकाशे, रंगीत आलेख, मोबाइलवरचे निरोप ही सर्व सोय असली तरी तिच्यासाठी तिप्पट किंमत मोजण्याआधी तेच पैसे चांगल्या टायरांवर खर्च करावेत, असे सुचवणे योग्य होईल.

यंत्र बसवल्यावर चाकाचा परीघ नोंदवावा लागतो. सातशे बाय पंचवीसच्या टायरसाठी तो साधारण २१०५ मिलिमीटर धरतात. पण हवा भरून, सायकलवर बसून, व्हॉल्व्ह जमिनीकडे असताना खडूची खूण करावी आणि चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत पुढे जाऊन दुसरी खूण करावी, म्हणजे त्या दोन खुणांतले अंतर छापील तक्त्यापेक्षा अधिक खरे असते. परीघ चुकीचा नोंदवला गेला तर वेग आणि अंतर चुकतात, केडन्स मात्र चुकत नाही, कारण त्यात केवळ फेरे आणि घड्याळ यांचाच संबंध येतो.

वापराचा खरा कस घाटात लागतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ज्याच्या चढाला 'घाटाचा राजा' ही पदवी ठेवलेली आहे, तो बोरघाट हौशी स्वार चढू लागला की पुढे ३४ आणि मागे २८ दातांच्या सर्वांत हलक्या गिअरमध्येही त्याचा वेग ताशी ७ किलोमीटरवर येऊ शकतो, आणि तेव्हा केडन्स ४५ च्या आसपास अडकतो. पुष्कळांना वाटते की आपल्या पायांतच दम नाही. वस्तुतः मागे ३४ दातांचे चक्र असते तर त्याच वेगाला, तेवढ्याच शक्तीत, केडन्स ५५ झाला असता आणि प्रत्येक दाब सुमारे एक-पंचमांशाने हलका झाला असता. सायकलला कोणता गिअर कमी आहे हे आकड्यांत दाखवून देणे, ही या यंत्राची सर्वांत मोठी सेवा आहे, आणि तिचा लाभ फार थोडे लोक घेतात.

सरावासाठी प्रथम आठवडाभर काहीही न बदलता आपला स्वाभाविक केडन्स किती आहे एवढेच पाहावे, मग तो पाचाने वाढवून काही आठवडे तेथे स्थिर राहावे, आणि खोगिरावर शरीर उसळू लागले तर आपण सोसण्याच्या पुढे गेलो असे समजून थोडे खाली यावे. चढ लागल्यावर आकडा घसरण्याआधीच गिअर हलका करण्याची सवय लागली, की साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पुरे करायच्या बीआरएमसारख्या लांब पल्ल्याच्या फेरीत शेवटच्या ५० किलोमीटरांत तिचे फळ मिळते. घाट उतरताना मात्र पडद्याकडे पाहूच नये. तेथे पाय थांबलेले असतात आणि नजर रस्त्यावर हवी. घरी आल्यावर सरासरी केडन्स पाहताना या थांबलेल्या वेळेतील शून्ये यंत्राने धरली आहेत की वगळली आहेत, हे सेटिंगमध्ये तपासावे, कारण शून्ये धरणाऱ्या यंत्रावर घाट उतरून आलेल्या स्वाराची सरासरी विनाकारण कमी दिसते आणि दोन मित्रांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.