लेकीचा गुडघा आणि लेकीचा खेळ

सातारा-सांगलीच्या गावागावांतून हा कार्यक्रम ऐकणाऱ्या आया, आज्या, मावश्या आणि शाळेतल्या पोरींनो, आज आपण बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींविषयी बोलू, आणि त्यातही त्यांच्या गुडघ्यांविषयी. तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कोण बास्केटबॉल खेळतंय? पण लेक खो-खो खेळत असेल, कबड्डी, हँडबॉल किंवा फुटबॉल खेळत असेल, तरी आजचं बोलणं तुमच्या कामाचं आहे. कारण गुडघा सगळीकडे सारखाच.

बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच जणी खेळतात. त्यातली चेंडू पुढे घेऊन येणारी, कुणी कुठं धावायचं ते सांगणारी जी असते, तिला पॉइंट गार्ड म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर संघाची कारभारीण. ती सगळ्यांत उंच असायला लागत नाही. पण ८ सेकंदांत चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे न्यायचा आणि २४ सेकंदांत बास्केटकडे फेक झालीच पाहिजे, हा हिशोब तिच्या डोक्यात सतत चालू असतो.

अशी खेळाडू एका दिवसात घडत नाही. आधी चेंडूकडे न बघता तो दोन्ही हातांनी खेळवता यावा लागतो, डाव्या हातानंही उजव्याइतकाच. मग मान वर करून मैदान बघायची सवय. आणि मग आवाज. हे सगळ्यांत अवघड. घरात आपण पोरींना "हळू बोल" म्हणून शिकवलेलं असतं, आणि मैदानावर तिला चार जणींना ओरडून सांगावं लागतं. ते जमायला वर्ष-दोन वर्षं लागतात. पुण्याची शिरीन लिमये अशीच गार्डच्या जागेवर खेळत भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. म्हणजे हे आपल्या मराठी मुलींना जमण्यासारखं आहे.

आता गुडघ्याकडे येऊ. पॉइंट गार्डचं सगळं कसब कशात, तर वेगात धावताना एकदम थांबण्यात आणि गर्रकन वळण्यात. नेमका त्याच वेळी गुडघ्यावर ताण येतो. गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना बांधून ठेवणारा एक दोरीसारखा मजबूत पट्टा असतो. डॉक्टर त्याला एसीएल लिगामेंट म्हणतात. पाय जमिनीत रुतलेला, अंग मात्र वळलेलं, आणि गुडघा आतल्या बाजूला गेला, की तो फाटू शकतो. बहुतेक वेळा कुणी धक्काही दिलेला नसतो. पोरगी एकटीच उडी मारून खाली येते, "पट्" असा आवाज होतो आणि ती बसकण मारते.

ही दुखापत याच खेळांत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी जास्त होते. मुली नाजूक असतात म्हणून नव्हे. वयात येताना उंची भराभर वाढते, पण मांडीच्या मागचे आणि कमरेचे स्नायू तितक्या वेगानं बळकट होत नाहीत. उडीवरून उतरताना मुलींचे गुडघे ताठ राहतात आणि आत वळतात. त्यात लहानपणापासून झाडावर चढणं, उड्या मारणं हे त्यांना कमी करू दिलेलं असतं. यातलं बरंचसं शिकवून सुधारता येतं, हे लक्षात ठेवा.

असं झालं तर त्या दिवशी काय करायचं? खेळ लगेच थांबवायचा. "थोडं चालून बघ, मोकळा होईल" असं म्हणायचं नाही. पाय उंचावर ठेवायचा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावायचा. चोळायचं नाही, गरम शेक नको, आणि कुणाकडं नेऊन गुडघा ओढून घ्यायचा नाही. काही तासांत गुडघा टम्म सुजला, किंवा पाय टेकल्यावर गुडघा सटकतोय असं ती म्हणाली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचंच. सातारा, कराड, सांगली, मिरज इथे ही सोय आहे. मिरज तर शंभर वर्षांहून जास्त काळ दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. पंधरा दिवसांत सूज उतरते, पोरगी चालायला लागते आणि आपल्याला वाटतं बरं झालं. तिथंच फसगत होते. लिगामेंट फाटलेलंच असतं, आणि तसंच खेळत राहिलं तर आतली गादीही झिजते, फाटते.

आता आपल्या सांगलीचीच गोष्ट सांगते. खेळ क्रिकेटचा, पण दुखणं हेच. स्मृती मानधना माधवनगरला वाढली. वडील आणि भाऊ जिल्हा पातळीवर क्रिकेट खेळलेले. नऊ वर्षांची असताना ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात गेली. २०१३ साली १९ वर्षांखालील सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा काढल्या. वडिलांनी खेळाचं बघितलं, तर आईनं तिचं खाणंपिणं आणि कपडेलत्ते सांभाळले. २०१७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन हीट संघाकडून खेळताना क्षेत्ररक्षण करताना तिचा गुडघा दुखावला. दुखणं याच एसीएलचं. फेब्रुवारीत कोलंबोला विश्वचषकाची पात्रता फेरी झाली, तिला मुकावं लागलं. वय होतं वीस.

पुढे जूनमध्ये इंग्लंडमध्ये विश्वचषक होता. पहिल्याच सामन्यात यजमान इंग्लंडविरुद्ध तिनं ९० धावा काढल्या, आणि पाच दिवसांनी वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. पण पुढचंही ऐका. त्यानंतरच्या सामन्यांत तिच्या धावा आटल्या, अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. दुखण्यातून परत आलेल्या खेळाडूचा रस्ता असाच वरखाली असतो. २०१८ साली तीच मुलगी आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली.

यातून एक गोष्ट मात्र उचलू नका, ती म्हणजे पाच महिन्यांचा आकडा. देशाच्या खेळाडूची देखरेख वेगळी असते. आपल्या शाळकरी मुलीसाठी, ऑपरेशन झालं असेल तर, सामन्यात उतरायला कमीत कमी नऊ महिने धरा. त्याआधी घाई करणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. स्पर्धा दरवर्षी येते, दहावी-बारावीचे खेळाचे सवलतीचे गुणही एका वर्षापुरते असतात. गुडघा जन्मभराचा.

हे नऊ महिने बहुतेक घरातच जातात, म्हणून ते आईचेही असतात. पहिले काही आठवडे सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, आणि मांडीचा स्नायू जागा करायचा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायची, हा साधा व्यायाम दिवसातून अनेकदा. डॉक्टर सांगेपर्यंत मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. शौचाला खुर्चीची सोय करायची, जेवायला वर बसवायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मग लंगडणं जाईपर्यंत चालणं, सायकल, पुढे तीन-चार महिन्यांनी सरळ धावणं, त्यानंतर उड्या, आणि शेवटी वळणं. प्रत्येक पायरी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं. शेवटी दोन्ही पायांची तुलना करतात. एका पायावरच्या उडीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या अगदी जवळ आला, की मगच सामना.

ताटात डाळ, मटकीची उसळ, शेंगदाणे, दूध, जमत असेल तर अंडी. पाळी चुकतेय का, याकडेही लक्ष द्या. खूप सराव आणि कमी खाणं असलं की पाळी चुकते आणि हाडं कमजोर होतात. हे बोलायला लाजू नका. खर्चाचं म्हणाल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काही बसतं का.

पोरींनो, आता तुमच्यासाठी. पाय बांधलेला असला तरी कारभारणीचं डोकं मोकळं असतं. खुर्चीत बसून डाव्या हातानं चेंडू खेळवता येतो. मैत्रिणींचा सराव बघायला जा, बाहेर बसून कुणाला कधी पास द्यायला हवा होता ते ओळखा, वहीत लिहा. अमेरिकेची सू बर्ड ही जगातली नावाजलेली पॉइंट गार्ड. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, १९९८ च्या डिसेंबरमध्ये, तिचं हेच लिगामेंट फाटलं आणि तो हंगाम हातचा गेला. नंतर तिनं ऑलिंपिकची पाच सुवर्णपदकं मिळवली. पाचवं टोकियोत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

आयांनो, अशा वेळी घरात एक वाक्य हमखास येतं, "पुरे झाला आता खेळ." त्यामागची काळजी मला कळते. उद्या लंगडत राहिली तर, लग्नाचं काय, पैसे कुठून आणायचे. पण मुलगा पडला तर आपण "बरा होऊन खेळेल" म्हणतो ना? मुलीलाही तेच म्हणा. खेळायचं की नाही हे बरं झाल्यावर तिला ठरवू द्या. आणि ती नको म्हणाली, तर तेही ऐका. व्यायाम मात्र दोन्ही बाजूंनी पूर्ण करायचेच, कारण त्याच पायांवर तिला पुढं पन्नास-साठ वर्षं चालायचंय.

ज्यांच्या लेकी आज धडधाकट आहेत, त्यांनी शाळेतल्या सरांना, बाईंना एवढं विचारा: सरावाआधी पंधरा मिनिटं उठाबशा, एका पायावर तोल, आणि उडीवरून उतरण्याचा सराव घेता का? उतरताना गुडघे वाकलेले, पायाच्या बोटांच्या रेषेत, आणि पावलांचा आवाज न करता. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं नियमानं केलं, तर अशा दुखापती जवळपास निम्म्यानं कमी होतात, असं अभ्यासांत दिसलंय. याला ना यंत्र लागत, ना पैसा. अंगणातही होतं. आज संध्याकाळी लेकीला एकदा उडी मारून दाखवायला सांगा, आणि उतरताना तिचे गुडघे कुठं जातात ते तुम्ही बघा.